रिपीट

तीन बाय दोन मीटर. स्टॉल सी-एकोणीस, खांबाच्या मागे.
खांबामागचे स्वस्त पडतात.
वेल्क्रोवर चिकटवलेले बावीस नमुने,
त्यांतल्या एकावर सकाळच्या कदंबातली घडी बसलेली,
ती मी डिचोलीहून आणलेल्या इस्त्रीने
ताळगावच्या हॉलच्या बेसिनवर उभी राहून काढली.

समोर अल्दिना परेरा.
निळ्या फरशा, माड, पिवळी स्कूटर,
गॉगल घातलेला बांगडा.
तिच्याकडे गर्दी. मधूनच ती
कागदात गुंडाळून दोदोलचा तुकडा पाठवते,
भुवईनेच विचारते: काय?
मी मान हलवते.

लोक येतात, माझ्या गळ्यातला पट्टा सुलटा करून वाचतात.
"सुचेता माजिक. म्हणजे इथल्याच?
मग यात गोवा कुठाय?"

दुपारी तीनला पानिपतचे एक गृहस्थ थांबले.
चादरी, उशा, पडदे; कार्ड जाड, अक्षरं उठावाची.
सात नंबरच्या नमुन्यावर हात फिरवला,
मागून, पुढून, मग धागा मोजावा तसं
कडेपाशी वाकून शिवण शोधू लागले.

मिळणार नाही.
उजवी कड डावीत जाते, वरची खालचीत,
महिनाभर डोळे फोडून घेतलेत मी त्यासाठी.
एक चौकोन कितीही वेळा मांडा,
कुठे सुरू झाला ते कळता कामा नये.
हे मला कॉलेजात शिकवलं,
पण त्याच्या आधी पाहिलं होतं:
खाण ते जेटी, जेटी ते खाण,
बाबांचा टिप्पर, दिवसाला जमतील तितक्या फेऱ्या,
अंगणातल्या तुळशीवर तीच लाल धूळ,
काल कुठे संपला ते आईलाही सांगता यायचं नाही.

मग बंदी आली. तिथे शिवण दिसली.

टिप्पर फणसाखाली उभा राहिला, निळ्या ताडपत्रीत.
चार पावसाळे. हप्ते मात्र चालतच होते.
एकदा ताडपत्री फाटली म्हणून बघायला गेले,
तर हौद्याच्या पत्र्यावर
पापुद्रे सुटलेले, पाकळीवर पाकळी,
मध्ये काळपट, कडेला केशरी, कुठे जांभळं.
कागद ठेवून मेणखडू घासला.
बाबा पायरीवरून बघत होते. काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी स्वतःच ताडपत्री बाजूला करून ठेवली.

"सुंदर," पानिपतवाले म्हणाले. "कुठलं फूल हे?"

सांगायला हवं होतं.
"आमच्याकडचं आहे," मी म्हटलं.
"बारमाही?"
"पावसात जास्त."

त्यांना सगळंच हवं होतं. कायमचं, एकरकमी,
माझं नाव नको, आणि केशरीच्या जागी फिका हिरवा.
आकडा कागदावर लिहून उलटा सरकवला.
मी सुलटा केला. दोन हप्ते आणि थोडे वर.
अल्दिना गिऱ्हाईक सोडून बघत होती.

दोन वर्षं, मी म्हटलं, फक्त उशा,
नगामागे पाच टक्के, रंग हाच.
आवाज माझाच होता, थोडा चिरका.
ते हसले. चार, म्हणाले.
चारावर आलो.
हिरव्याचं नंतर बघू, असंही म्हणाले,
म्हणजे ते बघणारच.

"लेबलवर फुलाचं नाव काय घालू?"
मी टिप्परचा नंबर सांगितला.
"हा कोड झाला."
"नावच आहे ते."
त्यांनी लिहून घेतलं.

सहाला दिवे अर्धे केले.
वेल्क्रो ओढताना होणारा तो आवाज
चारी बाजूंनी, कुणीतरी भिंत सोलतंय तसा.
अल्दिनाने चार टक्क्यांवर नाक मुरडलं
आणि खोका बांधायला दोरी दिली.

बसस्टँडवरून घरी फोन केला.
"कितें गो, खपलें?"
"विकलं नाही बाबा. भाड्याने दिलंय."
पलीकडे बराच वेळ रातकिडे.
"भाड्यान," ते म्हणाले. भाड्याचं त्यांना कळतं.
मग जरा थांबून,
"उशी धुतल्यार
गंज वता काय?"